नकोचा रकाना

४ मार्च

प्रिय खोडरबर,

तुझ्या आईने तुझा नंबर दिलाय, तरी मी कागदावरच लिहिते आहे. फोनवर तू दर वाक्याला "हो मावशी, हो मावशी" म्हणतोस आणि त्याच वेळी दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतोस. कागद निदान वाचावा तरी लागतो.

तू वाहिनीत मोठ्या जागेवर आहेस, असं तुझी आई सगळ्यांना सांगते, म्हणून हे पत्र. दर गुरुवारी आठ वाजता तुमची 'खरं वजन' ही मालिका लागते. चार भाग झालेत. त्यात एक बाई आहे, वय बावन्न, वजनमाप निरीक्षक. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जाते, तराजू तपासते, लबाडी दिसली की सील ठोकते आणि पुढच्या दुकानात जाते. एकटी राहते. तिला कुणी सोडून गेलेलं नाही, तिनेही कुणाला सोडलेलं नाही. घरी येते, बूट काढते, रेडिओ लावते आणि जेवते. टीव्हीवर बाई एकटी जेवते आहे आणि मागे रडकं संगीत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषधभांडारात पुड्या तोलल्या, हे तुला माहीत आहे. पहिल्याच भागात तिने अर्ध्या किलोचं वजन उचललं ते फडक्यात धरून. उघड्या बोटांनी नाही! घाम लागला की पितळ डागाळतं आणि वजन खोटं होतं. हे कळणारं कुणीतरी त्या मालिकेत आहे. मी खुर्चीत सरळ होऊन बसले. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

आता भीती. तुमच्या वाहिनीचे गुण मला ठाऊक आहेत. मागे दीपगृहाच्या रखवालदाराची किती छान मालिका होती. सहाव्या भागात तुम्ही तिथे सासू आणलीत. दीपगृहात! बोटीतून उतरली ती सामानासकट, आणि वर्षभर हलली नाही.

आम्ही एकतीस जण शिंप्याच्या दुकानात बसून 'खरं वजन' बघतो. आमचं मंडळच झालंय. मंडळाला मी सांगितलंय, माझा भाचा तिथे आहे, काळजी करू नका. तर वरच्यांच्या कानावर एवढंच घाल, की या मालिकेला हात लावू नका.

— मावशी

११ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र वाचून बरं वाटलं. इथे कामाचा नुसता रगाडा आहे. माझ्या खोलीत दिवसभर घरघर चालू असते, त्यामुळे अक्षर जरा हललं असेल. खिडकी नाही. महत्त्वाची माणसं बहुतेक आतल्या बाजूलाच बसतात.

तुझं म्हणणं मी वर पोचवीनच, पण एकट्या माणसाचा शब्द तो किती? खरं वजन असतं ते प्रेक्षकांच्या पत्रांना. हाताने लिहिलेलं पत्र म्हणजे आमच्याकडे ब्रह्मवाक्य. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम त्याशिवाय पानही हलवत नाहीत. तेव्हा तुमच्या मंडळाने भरपूर पत्रं लिहावीत. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा.

लिहिताना दोन गोष्टी पाळा. एका पत्रात एकच विषय, आणि तो वर मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून. "हात लावू नका" असं मोघम लिहिलंत तर इथे कुणाला काही कळत नाही. नेमकी कशाची भीती वाटते, ते लिहा. आणि लवकर लिहा, शक्यतो मार्च संपायच्या आत. त्याचं कारण कार्यालयीन आहे, तुला कंटाळा येईल.

आईला सांगू नकोस की मी दमलोय.

तुझा,
खोडरबर

३० मार्च

प्रिय खोडरबर,

तुझं पत्र मी मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. शिंप्याने मशीन थांबवलं, यावरून समज.

दुकानात अर्धवट शिवलेले कोट टांगलेले असतात, त्यामुळे आम्ही आहोत त्याच्या दुप्पट दिसतो. त्या कोटांमध्ये बसून आम्ही भीत्या वाटून घेतल्या. शिंपी म्हणाला, "मावशी, लिहून ठेवा, जुळी बहीण आणतील. चांगल्या बाईला नेहमी वाईट जुळी असते." जुळी त्याच्याकडे दिली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवण जाईल. मी विचारलं, "जाईल कशी?" त्या तोंड न उघडता बोलतात, दिवसभर दुसऱ्यांची उघडी बघून कंटाळतात बिचाऱ्या. म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावरून कुंडी पडेल. निवडुंगाची." एवढं बारीक बाईंना कसं सुचतं कोण जाणे, पण त्यांनी वर विषयातच तसंच्या तसं लिहिलं: कुंडी, निवडुंग, दुसरा मजला, सगळं.

मी लग्न घेतलं. लिहिलं, कृपा करून तिचं लग्न लावू नका, ती बरी आहे. हे वाक्य मला पाठ आहे. माझ्याबद्दल मी ते तुझ्या आईला पंचवीस वर्षं ऐकवते आहे.

एकतीस माणसं पुन्हा पुन्हा लिहितायत. टपालपेटी दोनदा भरून वाहिली आणि पोस्टमन आमच्याकडे संशयाने बघायला लागलाय. विषय वर, मोठ्या अक्षरात, खाली रेघ. तू सांगितलंस तसंच.

— मावशी

२१ एप्रिल

प्रिय मावशी,

चारशे बारा पत्रं! मंडळाला माझा दंडवत सांग.

मला स्वतः मॅडमनी तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. गालिचा असा की पावलांचा आवाज होत नाही, त्यामुळे आपण खरंच चालतोय की नाही अशी शंका येते. तुमच्या पत्रांवर पाऊण तास चर्चा झाली. पाऊण तास, मावशी! मॅडमनी 'खरं वजन' हे नाव तीनदा घेतलं.

मला आता खिडकीवाली केबिन मिळाली आहे. खिडकीतून वाहनतळ दिसतो, पण उजेड येतो. खुर्ची गोल फिरते. आईला हे सांगायला हरकत नाही.

चर्चेत नेमकं काय ठरलं, ते माझ्या हातात नाही. पण तुमचं म्हणणं फार गंभीरपणे घेतलं गेलं, एवढं नक्की.

तुझा,
खोडरबर

१२ मे

प्रिय खोडरबर,

आली.

तेराव्या भागात आली. लाल कोट, लाल नखं, दारात उभी राहून तीन वेळा हसली, आणि तिन्ही वेळा वीज चमकली. आमच्या निरीक्षकबाईंची जुळी बहीण. जन्मतः बदलली गेली म्हणे. बावन्न वर्षं होती कुठे, ते विचारायचं नाही. ती आता खोटी वजनं विकते.

शिंप्याने डोक्याला हात लावला. "मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं," एवढंच तो बडबडत होता. त्याला बरोबर ठरल्याचा आनंद झालाय की दुःख, ते त्यालाही कळेना.

पण मला खरा चटका दुसऱ्याच गोष्टीचा बसला. जुळी येते, जाते, एक वेळ तिला सोसलं असतं. त्याच भागात आमच्या बाईंनी अर्ध्या किलोचं वजन उघड्या बोटांनी उचललं. फडकं नाही. चार बोटं पितळावर, चांगली दाबून. माझ्या मनात आलं, गेली ही.

तू भांडला असशील, मला ठाऊक आहे. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईपुढे एकटा उभा राहिला असशील. वाईट वाटून घेऊ नकोस. ती बाई मुलखाची दुष्ट असली पाहिजे. चारशे पत्रं "नको, नको" म्हणून ओरडतायत आणि ती नेमकं तेच करते! मंडळाचं मत पडलं की आपणच कमी पडलो. आता आठवण जाण्याच्या विरोधात आणखी दोनशे पत्रं घालतोय.

— मावशी

१६ मे

प्रिय मावशी,

घाईत लिहितो. पत्रं घालू नका. आठवणीबद्दल तर अजिबात नको. कुंडीबद्दल एक अक्षरही नको. कारण विचारू नकोस, सविस्तर नंतर लिहीन.

मॅडम दुष्ट नाहीत. त्यांना मांजरं आवडतात.

तुझा,
खोडरबर

२ जून

प्रिय खोडरबर,

तुझं पत्र आलं तोवर दोनशे पत्रं गेली होती.

परवाच्या भागात आमच्या बाई रस्त्याने चालल्या होत्या. वरून कुंडी पडली. निवडुंगाची. दुसऱ्या मजल्यावरून. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं तोंड पहिल्यांदा पूर्ण उघडलेलं मी पाहिलं.

मला सांग, जगातल्या कुठल्या लेखकाला आपणहून निवडुंग सुचेल?

मग मी कालचं टपाल घेऊन बसले. मंडळातल्या तिघांना तुमच्या वाहिनीची आभारपत्रं आली आहेत. छापील कार्डं आहेत: "आपली अमुक विषयीची सूचना मिळाली. आपल्या आवडीबद्दल आभारी आहोत." अमुकच्या जागी पेन्सिलीने भरलंय. शिंप्याच्या कार्डावर 'जुळी बहीण'. डॉक्टरीणबाईंच्या कार्डावर 'डोक्यावर कुंडी'. माझ्या कार्डावर 'लग्न'. आपल्या आवडीबद्दल!

अक्षर डावीकडे कललेलं आहे. प्रत्येक शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय, कागद पार पातळ झालाय. बाळा, पहिलीत तू बरोबर आलेली गणितंही खोडायचास. तेव्हा तुला हे नाव मीच ठेवलं. तुझं खोडलेलं मी आंधळी झाले तरी बोटांनी ओळखीन.

वाहिनीचा मोठा अधिकारी पेन्सिलीने कार्डं भरत बसतो का? आणि आमची पत्रं तिथे कुणी वाचतं, की नुसती मोजतं?

मला खरं उत्तर हवं आहे.

— मावशी

८ जून

मावशी,

मोठा अधिकारी मी कधीच नव्हतो. सहा वर्षं तळघरात होतो, जनरेटरच्या भिंतीला लागून. घरघर त्याचीच. पत्रविभाग म्हणजे मी आणि एक कपाट. हल्ली पत्रं कोण लिहितं? महिन्याला नऊ यायची, त्यातली चार एकाच आजोबांची, हवामानाच्या बातम्यांबद्दल. मार्चअखेर विभाग बंद करून मला गाड्यांना चिकटपट्ट्या लावण्याच्या कामावर टाकणार होते. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी तुला लिही म्हटलं ते मालिकेसाठी नाही, माझ्यासाठी.

आता पुढचं. माझ्याकडे एक तक्ता असतो. त्यात चार रकाने आहेत: मालिका, विषय, संख्या आणि पाकिटाचा रंग. हवं की नको, याचा रकाना नाही. तो कधीच नव्हता. मी भरलं: जुळी बहीण १६३, लग्न १२१, आठवण जाणे (कुंडी, निवडुंग, दुसरा मजला) १२८. तक्ता वर गेला. मॅडमनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अरे वा, लोकांना जुळी हवी आहे तर!"

मी तोंड उघडलं होतं, मावशी. शपथ. तेवढ्यात त्यांनी मला बसायला सांगितलं. खुर्ची फार मऊ होती. मी म्हणालो, "लोकांच्या मनात सध्या तेच आहे, मॅडम." यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मला झोप येत नाही.

आणि सगळ्यात वाईट हे. 'खरं वजन'ला हात लावायचं कुणाच्या मनातही नव्हतं. ती मालिका चालू आहे हेच तिसऱ्या मजल्याला माहीत नव्हतं. गुरुवारी आठला काहीतरी लागतं, एवढीच त्यांची माहिती. तुमची पत्रं आली नसती तर ती बाई वर्षानुवर्षं निवांत तराजू तपासत राहिली असती.

निरीक्षकबाईंचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलंय. मला काय बोलायचं ते बोल.

— खोडरबर

१४ जून

खोडरबर,

तुझं पत्र मी मंडळात वाचलं नाही. आधी दोन दिवस उशाशी ठेवलं, मग वाचलं.

आमच्या वाट्याचं आधी मोजते, नाहीतर तू म्हणशील मावशी एकाच पारड्यात घालते. सहाशे बारा पत्रांत आम्ही भीत्या लिहिल्या. काय आवडलं, हे एकानेही लिहिलं नाही. फडक्याबद्दल एक ओळ नाही. ते मी फक्त तुला लिहिलं, आणि तू मोजणारा निघालास. ज्यांना काहीच सुचत नव्हतं, त्यांना आम्ही घरबसल्या सगळं सुचवलं, वर स्वतःचं तिकीट लावून.

हे झालं आमचं. आता तुझं. चिकटपट्ट्या लावायला लागू नयेत म्हणून तू माझ्याशी खोटं बोललास, हे मी समजू शकते. पोटासाठी माणूस बोलतो. पण चारशे पत्रांतलं "नको" तू त्या मऊ खुर्चीत बसून गिळलंस, आणि वर मला लिहिलंस की तुमचं म्हणणं गंभीरपणे घेतलं. त्याचा मला फार राग आलाय. मी तुझ्यासाठी त्या बाईला दुष्ट म्हणत बसले होते.

तर मंडळाने एकमताने ठरवलंय. एकतीस माणसं प्रत्येकी दहा पत्रं लिहितील. विषय वर, मोठ्या अक्षरात, खाली रेघ: 'पत्रविभागाच्या अधिकाऱ्याला तळघरात परत पाठवणे'. खाली मजकूर असा, की कृपा करून असं मुळीच करू नका, फार गुणी माणूस आहे, केबिन त्याला शोभते. शिंप्याने तर तुझ्या गुणांवर दोन पानं लिहिली आहेत, तुला न बघता.

एकूण तीनशे दहा. तुझ्या तक्त्यात ती कशी दिसतील, ते तूच मला सांग.

पत्रं ५ जुलैला पेटीत पडतील. तोवर तुला एक उभी रेघ मारायला वेळ आहे. पट्टी घे, आणि या वेळी पेनाने मार.

— मावशी

३० जून

प्रिय मावशी,

२६ तारखेला रेघ मारली. पेनाने. एका बाजूला 'हवं', दुसऱ्या बाजूला 'नको'. तुमची सगळी पत्रं पुन्हा काढली आणि पहिल्यांदाच वाचली. नको ६११. हवं एक. ते शिंप्याच्या बायकोचं आहे, तिला लग्न बघायचंय. तिचं नाव सांगू नकोस.

तक्ता घेऊन वर गेलो. या वेळी मॅडमनी बस म्हणायच्या आत बोललो. म्हणालो, "मॅडम, एप्रिलमध्ये मी तुम्हाला अर्धंच सांगितलं." त्यांनी नकोचा रकाना वरून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. हळूच विचारलं, "हा रकाना बाकीच्या मालिकांनाही लावला, तर?" मी म्हणालो, "तर भरेल, मॅडम." त्यांनी कागदाची घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या की या नमुन्याला कागद फार लागतो.

मी तळघरात परत आलोय. तुमची तीनशे दहा पत्रं लागलीच नाहीत. पेटीत पडली नसतील तर राहू दे.

लग्न रद्द झालं, कारण एवढे 'नको' पाहून मालिकाच बंद करताहेत. आणखी चार भाग, मग संपलं. जुळीला मात्र स्वतःची मालिका मिळाली. तिच्या नावावर १६३ पत्रं आहेत ना.

एक गोष्ट करता आली, तेवढी केली. तुझं ४ मार्चचं पत्र घेऊन चित्रीकरणाच्या ठिकाणी गेलो. निरीक्षकबाईंचं काम करणाऱ्या बाईंना प्रत्यक्ष दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, "फडकं कुणाच्या लक्षात आलं?" म्हटलं, माझ्या मावशीच्या. त्या म्हणाल्या, फडकं त्यांनी घरून आणलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या भागानंतर काढून घेतलं, कारण त्यात नखं दिसत नाहीत. पत्र परत मागितलं नाही मी. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं.

तुझा,
खोडरबर

९ ऑगस्ट

प्रिय खोडरबर,

शेवटचा भाग झाला.

भाग कसला, नुसता गोंधळ होता. बाईंची गेलेली आठवण परत आली, जुळी विमानाने कुठेतरी गेली, एका दुकानदाराने उगाच गाणं म्हटलं. शेवटी तीन मिनिटं उरली असतील. आमच्या बाई एका लहानशा दुकानात शिरल्या, पेटी उघडली, आणि खिशातून फडकं काढलं. पिवळं, कडेला दोरे सुटलेलं. अर्ध्या किलोचं वजन त्यात धरून उचललं, पारड्यात ठेवलं, काटा बघितला, म्हणाल्या, "बरोबर आहे." पेटी बंद केली आणि निघून गेल्या.

मी रडले. बाई माझ्याकडे बघतायत असंच मला वाटत होतं, आणि ते खरंही असेल.

तीनशे दहा पत्रं पेटीत पडली नाहीत. शिंपी त्यातून कोटाच्या बाह्यांचे नमुने कापतोय. तुझे गुण गावभर लोकांच्या दंडावरून फिरणार आहेत. तुझ्या आईला तळघराचं मी सांगितलं नाही. ते तू सांगायचंस, तोंडाने. राग अजून थोडा शिल्लक आहे, पण रेघ पेनाने मारलीस, ते मी लक्षात ठेवलंय.

मंडळ अजून भरतं. गुरुवारी नाही. दुसऱ्याच एका वाहिनीवर नवी मालिका लागली आहे. त्यात एक माणूस आहे आणि त्याचं एक काम आहे, आणि अजून कुणाला सासू सुचलेली नाही. फार चांगली आहे. आम्ही कुणालाही, कुठेही, एक अक्षर लिहिलेलं नाही.

नाव विचारू नकोस. बघायचीच असेल तर ये. दारात कुणी हटकलं तर कोटाचं माप द्यायला आलोय म्हण. आणि पेन घरी ठेव.

— मावशी